पेन्सिलीतला आकडा

२ जून, सोमवार. सकाळी ९.४०
नवी वही सुरू केली. वही ऑफिसच्या कपाटातली आहे, पण मजकूरही ऑफिसचाच असणार, तेव्हा चोरी म्हणता येणार नाही.

परिस्थिती अशी. निवडणूक झाली. आमचे अर्थमंत्री पडले. नव्या बाई निवडून आल्या, अर्थखातं त्यांच्याकडे जाणार. हस्तांतर २६ तारखेला. आमच्या देशात सरकारी वर्ष जूनच्या ३० तारखेला संपतं आणि योगायोगाने मीही त्याच दिवशी संपतो, म्हणजे रिटायर होतो. क्वार्टरही त्याच दिवशी सोडायचं. दोन वर्षांचं एक्स्टेन्शन मिळालं तर क्वार्टर दोन वर्षं राहील. एक्स्टेन्शनला शिफारस जाणाऱ्या मंत्र्याची लागते आणि मंजुरी येणाऱ्याची. म्हणजे दोघांनाही खूश ठेवायचं. दुसऱ्या कोणाला हे अवघड वाटलं असतं.

मी या खात्यात टपाल नोंदवणारा कारकून म्हणून लागलो. आज अंदाज कक्षाचा प्रमुख आहे. तिजोरीत किती येणार, किती जाणार, किती उरणार, हे देशाला मी सांगतो. इथवर आलो ते काही गणिताच्या जोरावर नव्हे. गणितात मी दोनदा नापास आहे. आलो तो कानांच्या जोरावर. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला आहेत ते माझे.

संकल्प: महिनाभर स्वतःहून कोणालाही आकडा सांगायचा नाही. चहा दोनच कप. साडूशी वाद घालायचा नाही.

३ जून, मंगळवार
हस्तांतर पत्रक माझ्या ताब्यात आलं. निळा, जाड कागद. वर छापील नंबर, म्हणून प्रत एकच. हरवली तर दुसरी मिळत नाही. चौकट क्रमांक सात माझी: ‘राखीव निधीत वर्षअखेरीस अपेक्षित शिल्लक’. खाली तीन सह्या. जाणारे, येणाऱ्या आणि मी.

राखीव निधी म्हणजे सरकारने अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेला पैसा. पूर, साथ, एखादं वाईट वर्ष. प्रत्यक्षात तो भाषणासाठी असतो.

आमच्या खात्याची एक जुनी रीत आहे. अंदाज आधी पेन्सिलीने लिहायचा, मग साहेबांच्या तोंडाकडे बघायचं. तोंड पडलं तर खोडायचं. तोंड खुललं की शाई. बाहेरच्या लोकांना वाटतं आम्ही आकडेमोड करतो.

शिपाईमामा मंत्र्यांच्या दाराबाहेर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेत. पाटी २६ तारखेला काढायची, पण म्हणाले, स्क्रू गंजलेत, आतापासून तेल सोडतोय. माझी पाटी बघून म्हणाले, तुमचेही गंजलेत. मी हसून सोडून दिलं. जेवणाच्या सुट्टीत पाटीवाल्याकडे जाऊन पितळी पाटी करायला टाकून आलो. ‘विशेष सल्लागार’. अ‍ॅडव्हान्स दिला.

५ जून, गुरुवार
मावळत्या साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये खोकीच खोकी. स्वतःला मिळालेली मानचिन्हं स्वतःच वर्तमानपत्रात गुंडाळत होते, आणि ज्या पेपरने त्यांना सर्वांत जास्त शिव्या दिल्या तोच वापरत होते. विचारलं, निधीत किती उरतील? (त्यांनी विचारलं. मी स्वतःहून सांगितलं नाही. संकल्प शाबूत.)

मी अंदाज काढायला सुरुवात केली. हजार म्हणालो. गुंडाळणं चालूच. बाराशे. हात थांबला. पंधराशे. चष्मा काढला. अठराशे म्हटल्यावर चहा मागवला. अठराशे कोटी. पेन्सिलीने लिहून टाकले.

साहेब म्हणाले, भरलेली तिजोरी सोडून चाललोय हे लोकांना कळलं पाहिजे. मी म्हणालो, कळेल. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

चहा आज चार. मंत्र्याकडचा चहा मोजत नाहीत.

९ जून, सोमवार
दशांशबाई आल्या. या आमच्या कक्षातल्या सांख्यिकी सहायक. नाव मी ठेवलेलं. घड्याळात किती वाजले विचारलं तर सेकंदासकट सांगतात, आणि ते बरोबर असतं म्हणून जास्त राग येतो. कागद पुढे ठेवला: एक हजार चौसष्ट पूर्णांक तीन दशांश कोटी.

कसा काढला विचारलं. तर म्हणे एकाहत्तर ठिकाणी फोन केले. कर भरणा केंद्रांना विचारलं किती जमा झाले, खात्यांना विचारलं किती बिलं द्यायची राहिलीत, आणि वजाबाकी केली. मी समजावून सांगितलं की बाई, लोकांना विचारून सांगायचं तर त्याला अंदाज कशाला म्हणायचं? त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. अशा माणसाचा अंदाज काढता येत नाही.

कागदाची चौपदरी घडी करून माझ्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातली. टेबल एकदम स्थिर. बाईंचं काम उपयोगाचं नसतं असं मी कधीच म्हणणार नाही.

११ जून, बुधवार
उगवत्या मॅडमना भेटलो. त्यांचं तात्पुरतं ऑफिस एका बंद पडलेल्या बँकेच्या शाखेत आहे. त्या कॅशियरच्या जाळीमागे बसतात. वर ‘येथे पैसे मिळतील’ अशी पाटी तशीच राहिली आहे आणि खाली लोकांनी त्याप्रमाणे रांगही लावली आहे.

मॅडमनी विचारलं, किती आहेत? मी उमद्या मनाने अठराशे म्हणालो. त्यांचं तोंड असं पडलं की मलाच वाईट वाटलं. प्रचारात त्यांनी औषधं फुकट, बस अर्ध्या तिकिटात आणि शाळेची फी माफ असं कबूल केलंय. तिजोरी भरलेली निघाली तर लोक पहिल्याच दिवशी दारात. मी लगेच सुधारणा केली. बाराशे. आठशे. पाचशे. तीनशेवर त्यांनी सेक्रेटरीला पंखा माझ्याकडे वळवायला सांगितलं.

तीनशे. गाडीत बसूनच खोडलं आणि लिहिलं. खोडरबर उत्तम प्रतीचं घेतलंय. कामाच्या वस्तूंत काटकसर करू नये.

म्हणाल्या, पत्रकात बघायला येईन. मी म्हणालो, या की.

१५ जून, रविवार. दुपार
साडू आणि मेहुणी जेवायला. साडूचं पाइपचं दुकान आहे. दहावी नापास, दुमजली घर. वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत हे त्याने वरण वाढून घेताना तीनदा सांगितलं. म्हणाला, भाड्याचं काय, घरचेच तुम्ही, फक्त दोन महिन्यांचं आगाऊ द्या.

वाद घातला नाही. फक्त पाऊण तास समजावून सांगितलं की पाइपवाल्याला अर्थखातं का कळत नाही.

ते गेल्यावर हिने विचारलं, एक्स्टेन्शनचं खरं किती? मी म्हणालो, पंच्याण्णव टक्के. म्हणाली, आणि पाच? मी म्हणालो, ते सावधगिरीचे. तिने पर्स घेतली आणि बहिणीचा डबा राहिला म्हणून तो द्यायला गेली. दोघी बहिणींचं फार आहे एकमेकींवर.

१६ जून, सोमवार
मावळत्या साहेबांना पत्रक डोळ्यांनी बघायचं होतं. तीनशे खोडून अठराशे. बघून म्हणाले, जरा ठळक करा. केलं.

दार लोटून बाहेर आलो तर आत फोनवर बोलत होते. माझे कान जन्मजात. स्पष्ट ऐकलं: ‘जाण्याआधी त्या माणसाचं काहीतरी करून जायला हवं.’

इतकी वर्षं केलेल्या कामाची ही पावती. शिफारस नक्की.

१८ जून, बुधवार
सकाळी मॅडम स्वतः आल्या. अठराशे खोडून तीनशे. ठळक केलेलं खोडायला जोर लागतो. दुपारी मावळत्यांचा पीए फोटो काढायला. तीनशे खोडून अठराशे. चार वाजता मॅडमचे सेक्रेटरी. अठराशे खोडून तीनशे. दुसरं खोडरबर संपलं.

लिफ्टमध्ये मी मागे उभा होतो. सेक्रेटरी कोणाला तरी हळू आवाजात सांगत होते, ‘मॅडम म्हणाल्या, अशा माणसाला मोकळं सोडून चालणार नाही.’

सत्त्याण्णव टक्के.

कागद जुन्या नोटेसारखा मऊ झालाय. हाताळलेल्या कागदाला एक घरंदाजपणा येतो.

१९ जून, गुरुवार
एक छोटी अडचण लक्षात आली. २६ तारखेला दोघंही एकाच खोलीत असणार.

चहा सात.

२० जून, शुक्रवार. सकाळी ११
सुटलं. असं डोकं देवाने फार कमी लोकांना दिलेलं असतं.

काल संध्याकाळी पत्रक खिडकीशी धरून बघत होतो. चौकट पुसून कोरी होती, पण इतक्या वेळा लिहून दोन्ही आकड्यांचे खोल ओरखडे उठलेत. उजेड डावीकडून आला की तीनशे वाचता येतं. उजवीकडून आला की अठराशे. म्हणजे मी काहीच लिहायचं नाही. बसायची व्यवस्था नीट केली की झालं. ज्याला जे वाचायचं ते तो वाचेल, दोघं सही करतील, आणि मी तर खोटं एक अक्षर लिहिलेलं नसेल. शेवटी अंदाज म्हणजे आपण कुठल्या बाजूने बघतो.

दशांशबाईंना विचारलं, तुम्हाला काय दिसतं? त्यांनी कागद समोर धरला आणि म्हणाल्या, ‘सर, मला हा कागद फाटायला आलेला दिसतो.’ नकारात्मक स्वभाव. कॉन्फिडेन्शिअल रिपोर्टमध्ये लिहीन.

२३ जून, सोमवार
सभागृहात रंगीत तालीम. शिपाईमामा टेबललॅम्प घेऊन आधी डावीकडे, मग उजवीकडे. मामांना काय चाललंय कळलं नाही, पण मंत्र्यांच्या सात पाट्या काढलेला माणूस प्रश्न विचारत नाही. फक्त म्हणाले, साहेब, दिवा बाजूला घेतला की काहीच दिसत नाही. मी म्हणालो, म्हणून तर दिवा लागतो.

पितळी पाटी आली. फार सुरेख. ड्रॉवरमध्ये ठेवलीय.

घरी: ही भांडी खोक्यात भरते. मी एक्स्टेन्शन मिळणार म्हणून परत मांडतो. मी ऑफिसला गेलो की ती परत भरते. तीन दिवस ताटं आत-बाहेर करतायत. आज जेवताना म्हणाली, ‘अहो, निदान दोन ताटं तरी एका जागी राहू द्या.’ तिला मोठं चित्र दिसत नाही.

२५ जून, बुधवार. संध्याकाळी ६
सर्व तयारी झाली. चौकटीच्या कडेला शिशाचा थोडा मळ राहिला होता, तो काढण्यासाठी शेवटचा एकच हलका हात फिरवला. कागद किंचित पातळ वाटला. बरंच आहे, उजेड चांगला येईल.

संकल्प: उद्या समारंभात बोलायचं नाही. नुसतं सौम्य हसायचं. सल्लागार सौम्य हसतात.

२६ जून, गुरुवार. संध्याकाळी
घडलं ते क्रमाने लिहितो.

चार वाजता सभागृह भरलं. मावळते उजवीकडे, उगवत्या डावीकडे, मधे मी, समोर निळं पत्रक आणि पेपरवाले. आयत्या वेळी सजावटवाल्याने खिडक्यांना जाड पडदे लावले. कोणाला सांगून लावले देव जाणे. उजेड फक्त वरून. वरून बघायची तालीम आम्ही केलेली नव्हती.

मावळते बोलायला उठले. खोकी भरून थकलेला माणूस, पण आवाज भरदार. म्हणाले, आम्ही अठराशे कोटींचा राखीव निधी सोडून जात आहोत. टाळ्या. मॅडम उठल्या. म्हणाल्या, आम्हाला निधीत जेमतेम तीनशे कोटी मिळत आहेत, तेव्हा जनतेने धीर धरावा. त्यांनाही टाळ्या, त्यांच्या बाजूच्या.

मग टाळ्या थांबल्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

मी सौम्य हसलो. ठरल्याप्रमाणे पत्रक उचललं आणि दिव्यासमोर धरलं. चौकट सातमध्ये तीनशे नव्हते, अठराशेही नव्हते. चौकट सातच नव्हती. तिथे रुपयाच्या नाण्याएवढं भोक होतं, आणि त्यातून मला पहिल्या रांगेतल्या फोटोग्राफरचा डोळा दिसला. त्यालाही माझा दिसला असावा, कारण त्याने तोच फोटो काढला.

एका पेपरवालीने विचारलं, मधले पंधराशे कोटी कुठे गेले?

‘अंदाज कक्षाला विचारा,’ मावळते म्हणाले.

‘हो, अंदाज कक्षालाच विचारा,’ मॅडम म्हणाल्या.

पाच वर्षांत या दोघांचं कुठल्याही प्रश्नावर एकमत झालेलं नव्हतं. ते आज माझ्यामुळे झालं, हे मला इथे नोंदवून ठेवायचं आहे.

२७ जून, शुक्रवार
पहिल्या पानावर माझा डोळा. फोटो तसा वाईट नाही.

साडूचा फोन. दुकानात ते पान काउंटरवर चिकटवलंय म्हणे. त्याला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोच म्हणाला, ‘भाऊसाहेब, पाइपला एवढं भोक असतं तर मी गिऱ्हाइकाला पैसे परत दिले असते.’ मी फोन ठेवला. संकल्प मोडला नाही.

मंत्र्यांची जुनी पाटी मामांनी काढली. तेल सोडलं होतं, सहज निघाली.

३० जून, सोमवार. दुपारी ३
ऑर्डर आली. शिफारस मावळत्यांची. मंजुरी उगवत्या मॅडमची. माझ्या अंदाजाप्रमाणे दोन्ही सह्या आहेत.

मजकूर: अंदाज कक्षाच्या प्रमुखांना, पंधराशे कोटींची चौकशी पूर्ण होईपर्यंत, सेवेतून मोकळं करण्यात येऊ नये. त्यांनी रोज दहा ते साडेपाच चौकशी समितीच्या दाराबाहेर हजर राहावं. पगार निम्मा. केबिन, गाडी आणि क्वार्टर यांवर हक्क राहणार नाही.

एक्स्टेन्शन मिळालं. तपशिलावर बोलता येईल.

संध्याकाळी ६
घरी धावत गेलो. हिला सांगणार होतो की क्वार्टरचं तेवढं जमलं नाही, दोन-चार दिवसांत काहीतरी बघतो. तर दाराशी टेम्पो उभा. सामान सगळं चढलेलं. शेवटी फक्त माझी खुर्ची राहिली होती. ही पुढच्या सीटवर बसून माझी वाट बघत होती.

मी विचारलं, जायचं कुठे? म्हणाली, बहिणीकडे, वरच्या दोन खोल्या. पंधरा तारखेलाच आगाऊ भाडं देऊन आले.

म्हणजे डबा द्यायला गेली होती तेव्हा. मी म्हणालो, मी पंच्याण्णव टक्के सांगितलं होतं ना तुला.

‘म्हणून तर तातडीने गेले,’ ती म्हणाली. ‘तुम्ही साठ म्हणाला असतात तर थांबले असते. अहो, तुमचा अंदाज ऐकायचा आणि उलट करायचं, म्हणून तर इतकी वर्षं संसार चाललाय.’

पैसे कुठून आणलेस, हे विचारलं नाही. तिचा राखीव निधी किती आहे, याचा अंदाज मला एकतीस वर्षांत आलेला नाही.

मग ती थोडी सरकली आणि म्हणाली, ‘बसा. खुर्ची मांडीवर घ्या.’

४ जुलै, शुक्रवार. बाकावरून
खजिन्याचा पक्का हिशेब आज जाहीर झाला. राखीव निधीत शिल्लक एक हजार चौसष्ट पूर्णांक दोन दशांश कोटी.

उगवत्या मॅडमनी सांगितलं की नव्या सरकारने आठ दिवसांत निधी सातशे चौसष्ट कोटींनी वाढवला. मावळत्यांनी सांगितलं की नव्या सरकारने आठ दिवसांत सातशे छत्तीस कोटी उडवले. दोघांच्याही सभांना गर्दी आहे. पंधराशे कोटी कधी नव्हतेच, हे आता सगळ्यांना कळलंय, तरीही समिती चालू आहे. नसलेले पैसे शोधायला वेळ लागतो.

दशांशबाई माझ्या केबिनमध्ये बसतात. बाहेर येऊन म्हणाल्या, ‘सर, एका दशांशाने चुकलं, वाईट वाटतं.’ मला वाटलं टोमणा आहे. चेहरा बघितला. खरंच वाईट वाटत होतं. मग म्हणाल्या, टेबल फार डुगडुगतंय, काय करू? मी सांगितलं, पायाखाली कागद होता. म्हणाल्या, तो समितीने नेला.

समितीच्या खोलीला पाटी हवी होती. शिपाईमामांनी माझी पितळी पाटी उलटी करून तिच्या पाठीवर ‘चौकशी समिती’ रंगवून घेतली आणि दाराला लावली. स्क्रू मात्र नवे वापरले. ‘विशेष सल्लागार’ दाराकडे तोंड करून आहे. मी त्याच दाराबाहेर बसतो. बाकाला पाठ नाही.

चहा कोणी विचारत नाही. तेव्हा दोन कपांचा संकल्प आपोआप पार पडतोय.

आत काय बोलतात ते ऐकायचा प्रयत्न केला. दार जाड आहे. किंवा कान पहिल्यासारखे राहिले नाहीत. आज घरी जाताना साडूच्या दुकानासमोरूनच जिना चढावा लागणार. बहुतेक तो काही बोलणार नाही. शंभर टक्के.

पेन कुठल्याशा खोक्यात गेलं, अजून सापडलेलं नाही. म्हणून आजची नोंद पेन्सिलीने. चुकलं असेल तर खोडता येणार नाही. खोडरबर समितीने पुरावा म्हणून ठेवून घेतलंय.